प्रणिताची पुडी

मे महिन्यात लखनौचं ऊन अंगावर धावून येतं. आलमबागच्या बाजारात दुपारी गल्ल्या ओस पडतात, दुकानांची शटरं अर्ध्यावर येतात. नरहर निकमांची भट्टी मात्र अशा उन्हातही पेटलेली असायची. यंदा ती बऱ्याचदा गारच राहत होती. लग्नाच्या तारखा सरल्या होत्या, सराफांकडं काम नव्हतं, आणि जे होतं ते मोठ्या मशीनवाल्यांकडं जात होतं.

नरहर विट्याच्या बाजूचा. तिकडं पोरगं मिसरूड फुटायच्या आत चुलत्यामामाच्या मागं मुलूख सोडतं आणि सराफांचं मोडीचं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायच्या धंद्याला लागतं. गलाई म्हणतात त्याला. नरहर असाच लखनौला आला आणि इथंच राहिला. बाजारात त्याला नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे 'मराठा' म्हणतात. त्याचा त्याला राग नाही. उलट थोडा ताठाच आहे.

पुढं दुकान, मागं भट्टी, वर दोन खोल्या, असा संसार. बायको गीता आणि एकुलती एक मुलगी प्रणिता. या घराची एक रीत होती. केर बाहेर जात नसे. झाडू दारापासून आत यायचा, बाहेर कधी नाही. मुशीतून सोनं ओतताना बारीक कण उडतात, कानशीखाली भुगा पडतो, तो जमिनीवर बसतो, कपड्यात शिरतो. म्हणून धूळ डब्यात, फुटक्या मुशी पोत्यात, जुनी फडकी गाठोड्यात. वर्षाकाठी ते सगळं जाळून, गाळून त्यातलं सोनं काढायचं. शेजारची मिश्राइन पहिल्यांदा घरी आली तेव्हा केराचे डबे ओळीनं मांडलेले बघून घाबरली होती. पण प्रणिताला चालायला यायच्या आधी ही रीत आली होती. बाकावरची धूळ ती हातानं फुंकत नसे, मोरपिसानं गोळा करून कागदाच्या पुडीत बांधी.

ती नववीत असताना शाळेत रस्तोगी मॅडमनी एक नवा तास सुरू केला. करिअरचा. त्या तासाला मॅडम पोरांना कधी बेकरीत घेऊन जात, कधी एक्स-रे काढणाऱ्याकडं. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या घरी काय काम चालतं ते नीट सांगा. पोरांनी 'बिज़नेस' म्हणून वेळ मारून नेली. प्रणिता उभी राहिली आणि तिनं सगळंच सांगितलं. मूस कशी लाल करायची, टाकणखार कधी टाकायचा, तेजाबाचा म्हणजे ॲसिडचा धूर कुठल्या रंगाचा असतो. वर्ग खदखदून हसला आणि तिचं नाव 'भट्टीवाली' पडलं. मॅडम हसल्या नाहीत. "इसने जो बताया, उसकी पक्की नौकरी होती है," त्या म्हणाल्या, "आप लोगों को पता ही नहीं."

आणि त्यांनी ती नोकरी शोधून काढली. सरोजिनी नगरला कानपूर रोडवर सोन्याची शुद्धता तपासणारं एक केंद्र होतं. तिथं दागिन्यातला कपटा काढून भट्टीत घालतात, तेजाबात उकळतात, आणि उरलेल्या सोन्याचं वजन करून किती टंच ते सांगतात. बारावीनंतर शिकाऊ म्हणून घ्यायचे, काम जमलं की कायम करायचे.

नरहर शाळेत जाऊन मॅडमशी भांडून आला. "मैं धुएँ में मर गया, उतना बस है," तो म्हणाला, "लड़की पंखे के नीचे बैठनी चाहिए."

"पंखा क्या, एसी है वहाँ, निकम जी," मॅडम म्हणाल्या. "भट्टीवाला कमरा छोड़के."

"और ये कहाँ बैठेगी?"

"भट्टीवाले कमरे में."

नरहर पाय आपटत निघून आला. घरी आल्यावर तो गीतावर बराच बोलला. पण बारावी झाल्यावर पोरगी तिथं कामाला गेली ती गेलीच. मॅडमच्या त्या पहिल्या तुकडीतली सगळ्यात आधी कामाला लागलेली ती. हिवाळा तिथं काढला, उन्हाळा लागला. हातावर भाजल्याचे डाग पडले, डोळे लाल व्हायचे. पण घरी आली की जेवताना तिची बडबड थांबायची नाही. पुढच्या महिन्यात कायम करणार, असं तिच्या कानावर आलं होतं.

आणि त्याच आठवड्यात ते घडलं.

त्या दिवशी संध्याकाळी नरहर भट्टीची राख खरवडत बसला होता. फोन मॅडमचा आला. "निकम जी, सेंटर आ जाइए. प्रणिता को रोक रखा है." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. नरहरच्या अंगात जागोजागी जळून भोकं पडलेला बनियन होता. त्यावर शर्ट चढवून त्यानं स्कूटर काढली.

केंद्राच्या गेटजवळ गार्डच्या खोलीबाहेर एका स्टुलावर प्रणिता बसली होती. कामावरून सुटलेले लोक तिच्याकडं बघत बघत बाहेर पडत होते. तिनं मान खाली घातली नव्हती. तोंड मात्र पांढरं पडलं होतं.

आत मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या आणि टेबलावर कागदाची एक पुडी ठेवलेली. चारी कोपरे आत मुडपलेली, गीता बांधते अगदी तशी. पुडी बघताच नरहरला सगळं कळलं.

"सुटताना झडती घेतात, तेव्हा हिच्या कोटाच्या खिशातून निघाली," मॅडम त्याला हळूच हिंदीत म्हणाल्या.

केंद्राचे प्रमुख हर्षवर्धन सर वयानं फार मोठे नव्हते. आवाज चढवत नव्हते, त्याचीच जास्त भीती वाटत होती. "इसमें सोना है," ते म्हणाले. "हमने देख लिया."

"होगा साहब," नरहर म्हणाला. "धूल है. धूल में तो होताच है. हमारे घर में सब ऐसाच करते हैं."

"घर में सिखाया है?"

नरहर गांगरला. "नहीं, मतलब सिखाया, पर वैसा नहीं साहब. उसकी माँ भी करती, मैं भी करता..."

जितकं बोलावं तितकं वाईट ऐकू येत होतं. दारातली गार्डबाई पदर तोंडाला लावून हसली.  नरहरच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तरी त्यानं पुसला नाही.

प्रणिता बोलली. बाक झाडताना सवयीनं धूळ कागदात घेतली. सरांच्या टेबलावर ठेवायची होती. तेवढ्यात भट्टीत घालायच्या वाट्यांचा ट्रे आला, हात मोकळा हवा म्हणून पुडी खिशात टाकली आणि विसरली. खिशात काही ठेवायचं नाही हा नियम तिला ठाऊक होता. चूक तिची.

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, पोलिसात जायची त्यांची इच्छा नाही. मुलीचं वय लहान आहे. तिनं चोरी केल्याचं लिहून द्यावं, माफी मागावी आणि काम सोडावं. विषय इथंच संपेल.

"लिख देगी साहब," नरहरनं हात जोडले. "प्रणे, दे लिहून. चल घरला."

"चूक झाली हे लिहिते, पप्पा," ती म्हणाली. एरवी घरी हिंदीत उत्तर देणारी पोरगी त्या खोलीत मराठीत बोलली. "चोरी केली हे लिहिणार नाही."

"आगं, पाया पडतो तुझ्या."

"पडू नका."

सरांनी पुडी खणात टाकून कुलूप लावलं. लिहून देईपर्यंत कामावर यायचं नाही, एवढंच ते म्हणाले. बाप आणि मुलगी स्कूटरवरून घरी आले. 

पुढचे दिवस त्या घरानं कसे काढले ते त्या घरालाच माहीत. बाहेर लूचा तापलेला वारा वाहत होता आणि आत कुणी कुणाशी सरळ बोलत नव्हतं. नरहरला बाजारात तोंड दाखवायची लाज वाटू लागली. सोन्याच्या धंद्यात माणसाकडं अब्रूशिवाय दुसरं असतं काय? सराफ आपलं सोनं विश्वासानं मराठ्याच्या मुशीत टाकतो, त्यावर तर चूल पेटते. कुणी सहज "बिटिया कैसी है" विचारलं तरी त्याला टोमणा वाटायचा. आणि मनातून तो स्वतःलाच खात होता. पुडी बांधायला पोरीला शिकवलं कुणी? त्यानंच.

"आता घरात बस," तो एकदा ताटावरून म्हणाला. "गावाकडं स्थळ बघू."

प्रणितानं ताट पुढं सारलं नाही की रडली नाही. भाकरी मोडत म्हणाली, "मैं वापस जाऊँगी, पप्पा. चोर बनके नहीं, वैसे ही जैसे जाती थी."

मॅडम एका दुपारी रिक्षातून आल्या. ओढणी डोक्याला गुंडाळलेली, चेहरा भाजल्यासारखा लाल. गीतानं त्यांना गूळपाणी दिलं. शाळेत बातमी पोचली होती. प्रिन्सिपल म्हणत होते, हा करिअरचा तास बंद करा, मुलींना कामाला पाठवून शाळेच्या नावाला बट्टा लागतो. पुढच्या तुकडीतल्या दोन मुलींच्या घरच्यांनी नावं काढून घेतली होती.

"मैं हर्षवर्धन सर को समझा-समझाकर थक गई," मॅडम म्हणाल्या. "वो कहते हैं, ऐसी आदत कोई कैसे मान ले."

गीता इतका वेळ दाराला टेकून उभी होती. ती चार माणसांत बोलणारी बाई नव्हती. हिंदी तर तिला मोजकीच यायची. ती म्हणाली, "तो उनको बोलो, घर आओ. देखो. मंग काय ते बोला म्हणावं."

सर येणार म्हणून कळलं तेव्हा नरहरची धांदल उडाली. मॅडमच्या भिडेखातर का होईना, एवढा मोठा माणूस घरी येणार! आणि मग त्यानं जे केलं ते फक्त नरहरच करू जाणे. सकाळी उठून त्यानं केराचे डबे उचलले आणि जिन्याखालच्या अडगळीत कोंबले. फुटक्या मुशींची पोती त्यावर रचली. फडक्यांचं गाठोडं, मोरपीस, सगळं आत. दाराला कडी. दुकानात उदबत्ती लावली, शेजारच्या मिश्राइनकडून दोन बऱ्या खुर्च्या आणल्या.

प्रणितानं बघितलं आणि ती कळवळली. "पप्पा, वही तो दिखाना है!"

"गप बस. पावण्याफुडं केराचं डबं मांडू व्हय? अब्रूदार मान्साचं घर दिसाय पायजे."

"अहो, पोरगी बरोबर..." गीता म्हणायला गेली.

"तूबी गप."

सर मॅडमबरोबर आले. दुकान बघितलं, भट्टी बघितली. सगळं लख्ख. खुर्चीत बसून ते चौफेर नजर फिरवत होते आणि त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी चढत होती. मॅडम नरहरकडं बघत होत्या. नरहर खुशीत होता. त्याला वाटत होतं, घर शोभून दिसतंय.

"साफ़ घर है आपका," सर म्हणाले. "इसमें वो धूल-वूल वाली बात कहाँ है?"

"जी, रोज झाड़ते," नरहर म्हणाला. प्रणितानं डोळे मिटून घेतले.

गीतानं पोहे आणले. सरांनी थोडे खाल्ले.  पंखा घरघरत होता. सरांनी भट्टीची सांडशी मघाशी हातात धरून बघितली होती, तिची काजळी बोटांना लागली होती, वर पोह्यांची हळद. ते उठले, मागच्या मोरीकडं गेले, नळ सोडला.

गीता त्यांच्या पाठीमागून टॉवेल घेऊन आली होती. पाण्याचा आवाज ऐकला आणि तिनं टॉवेल खांद्यावर टाकला, भिंतीला टेकवलेलं घमेलं ओढलं आणि सरांच्या हातांखाली सरकवलं. तिच्या ध्यानातही आलं नाही. पाणी घमेल्यात पडू लागलं.

सरांनी नळ बंद केला नाही. खाली बघितलं, मग गीताकडं. "ये किसलिए?"

गीता दचकली. काय केलं ते तिला तेव्हा कळलं. लाजेनं ती लालबुंद झाली. "कुछ नहीं साहेब. भट्टी का हाथ... पानी में उतरता ना सोना. फेंकते नहीं." आणि घमेलं मागं ओढायला लागली.

"रहने दीजिए," सर म्हणाले. "ये पानी कहाँ जाता है?"

आता गीता कुणालाच विचारायला थांबली नाही. ती जिन्याकडं गेली आणि तिनं कडी काढली. दार उघडताच वरचं पोतं घरंगळत आलं आणि फुटक्या मुशी फरशीवर पसरल्या. मागं डबे, गाठोडी, गाळलेल्या पाण्याच्या गाळाचं पिंप. नरहर कपाळाला हात लावून उभा. सर उकिडवे बसले. एकेक डबा उघडून बघू लागले. एका डब्यात वर्षभराच्या पुड्याच होत्या, सगळ्या चारी कोपरे आत मुडपलेल्या. त्यांनी एक उचलली, हातात फिरवली. 

"सर," प्रणिता म्हणाली, "मैंने वहाँ भी यही किया. पर वो मेरा घर नहीं था. ये मैं भूल गई."

सर उठले. गुडघ्याची धूळ झटकायला त्यांनी हात उचलला आणि तसाच थांबवला. मॅडमना हसू आवरेना. मग सरही हसले, आणि घरातली हवा सैल झाली.

"कल से आ जाओ," ते म्हणाले.

नरहर हात जोडायला पुढं झाला, पण पोरगी मध्ये उभी होती. "सर, पुडी गेट पर निकली थी. सबके सामने. अब सबको ये कौन बताएगा कि चोरी नहीं थी?"

"प्रणे!" नरहर कळवळला. देवानं परत दिलेलं ही बया हातानं घालवते, असं त्याला वाटलं.

"जेब में रखा, वो गलती मैं लिखकर दूँगी," ती म्हणाली. तिचा आवाज सरळ होता. "पर बाकी बात आप बोलिए. नहीं तो मैं नहीं आऊँगी."

सर तिच्याकडं बघत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. चहा पिऊन गेले. त्यानंतर दिवसभर नरहर पोरीवर चिडत राहिला आणि गीता त्याच्यावर. तरी चिडता चिडता त्याच्या मनात काहीतरी वेगळंच होत होतं. आपण त्या टेबलापुढं हात जोडले. हिनं नाही जोडले. हे कुठनं आलं हिच्यात? आपल्यातनं तर नक्कीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सर बोलतात का ते गेटवरच बघते म्हणून प्रणिता निघाली, तसा तो तिला स्कूटरवरून घेऊन गेला. फाटकाशीच परत पाठवलं तर एकटी नको, एवढंच त्यानं गीताला सांगितलं. गेटच्या आत सगळे जमले होते. भट्टीवरचे, वजनावरचे, ऑफिसातले, गार्डबाईसुद्धा. सर मध्ये उभे होते. नरहर गजाबाहेर थांबला.

सर मोठ्यानं बोलले, म्हणून बाहेरपर्यंत ऐकू आलं. "प्रणिता ने जेब का नियम तोड़ा, उसने मान लिया है. चोरी उसने नहीं की. मैंने बिना देखे चोर कहा. गलती मेरी थी, और मैं सबके सामने माफ़ी माँगता हूँ." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भट्टीवरचा एक म्हातारा कामगार पुढं झाला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून आत गेला. प्रणितानं मागं वळून बापाकडं बघितलं, मान हलवली आणि कोट चढवत आत निघून गेली.

नरहरनं स्कूटर वळवली, पण सुरू केली नाही. रस्त्यापलीकडं कडुलिंबाच्या झाडाखाली चहाची टपरी होती. तिथल्या बाकड्यावर जाऊन बसला. मॅडमचा फोन आला. त्यांना सरांनी सगळं सांगितलं होतं, आता त्या प्रिन्सिपलच्या खोलीत निघाल्या होत्या आणि आवाजावरून भांडायच्या तयारीत होत्या. मग आलमबागहून एका सराफाचा फोन आला. काम आहे, लवकर ये. इतक्या दिवसांनी काम आलं होतं.

"आज भट्टी बंद है," नरहर म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

समोर केंद्राच्या मागच्या बाजूनं धुराडं वर आलेलं दिसत होतं. थोड्या वेळानं त्यातून धूर निघायला लागला. नरहर बघतच राहिला. हातातला चहा तसाच गार झाला. चहावाल्यानं त्याच्या चेहऱ्याकडं बघून विचारलं, "किसी का इंतज़ार है, भैया?"

"इंतज़ार नहीं," नरहर म्हणाला. "मेरी लड़की अंदर है."

"ऑफिस में?"

"नहीं," तो म्हणाला, इतक्या मोठ्यानं की बाकड्यावरची दोन माणसं वळली. "भट्टी पर."